बेसिन नवं, नळ नवा, तरी खाली ओलच ओल

तक्रार सगळीकडे साधारण एकच असते. जुनं, पिवळं पडलेलं बेसिन काढून नवं बसवलं, नळही चकचकीत आणला, महिनाभर सगळं कोरडं ठणठणीत. मग एक दिवस खालच्या कपाटातला फिनाइलचा डबा उचलावा तर बुडाशी पाणी. प्लंबर येतो, पाना फिरवतो, ‘हो गया भिया’ म्हणतो आणि जातो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. इंदुरात सुदामानगर असो, राजेंद्रनगर असो की लोकमान्यनगर, ज्यांनी अलीकडे बाथरूमचं काम काढलंय त्यांच्यापैकी कोणी ना कोणी ही कहाणी ऐकवतंच.

गळती परत परत येत असेल तर ती नट आवळून जाणार नाही. जे सैल नव्हतंच ते आवळून काय होणार? पाणी जिथे दिसतं तिथून ते निघालेलं नसतं. आणि नट खरंच सैल झाला असेल, तर तो कशाने झाला हे कोणी विचारलेलं नसतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी एक रात्र आणि एक सकाळ नुसतं बघण्यात घालवा.

आधी गळतीची वेळ पकडा

कपाट रिकामं करा. पाइप, नट, मागची भिंत, तळ, सगळं सुती फडक्याने पुसून खडखडीत करा. तळाशी वर्तमानपत्र अंथरा. कागदावर एक थेंब पडला तरी डाग उठतो आणि नेमका कुठे पडला तेही कळतं. रात्री शेवटचा माणूस चूळ भरून गेला की हे करायचं आणि सकाळपर्यंत त्या बेसिनला कोणी हात लावायचा नाही.

सकाळी कागद ओला दिसला तर निचऱ्याच्या बाजूला फारसं बघायची गरज नाही. रात्रभर निचऱ्यातून पाणी वाहिलेलं नाही; साचलेलं असतं ते फक्त बॉटल ट्रॅपमध्ये, म्हणजे बेसिनखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या बाटलीसारख्या भांड्यात, तेवढं चाचपून बघा. दाब होता तो फक्त पुरवठ्याच्या बाजूला, म्हणजे अँगल कॉक (बेसिनखाली भिंतीत असतो तो पाणी बंद करायचा छोटा कॉक), कनेक्शन पाइप आणि त्यांचे जोड.

कागद कोरडा असेल तर पुढची पायरी. नळ सोडा, पण पाणी बेसिनमध्ये पडू देऊ नका. नळाखाली मग धरा, भरला की बाजूला बादलीत ओता. असे चार-पाच मग काढा. आता खाली थेंब आला तर तो नळाच्या अंगातून किंवा त्याच्या बुडातून येतोय. आला नाही, तर नळ बंद करून तेच बादलीतलं पाणी बेसिनमध्ये ओता. आता गळलं तर दोष निचऱ्याचा.

इथेही गळलं नाही, तर जाळीला बूच लावून बेसिन भरू द्या, काठाजवळच्या ओव्हरफ्लोच्या भोकातून पाणी जायला लागेपर्यंत. मग बूच एकदम उपसा. एरवी धार बारीक असते म्हणून न दिसणारी गळती या लोंढ्यात उघडी पडते. शेवटी नळाच्या बुडाभोवती, वरच्या बाजूने, पेलाभर पाणी ओतून बघा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर बसवलेल्या बेसिनमध्ये हे हमखास सापडतं: तोंड धुताना उडालेलं पाणी नळाच्या भोकातून खाली झिरपत असतं आणि लोक बिचाऱ्या बॉटल ट्रॅपला दोष देत असतात.

प्रत्येक टप्प्यावर टिश्यू पेपरचा तुकडा वरपासून खालपर्यंत एकेका जोडाला टेकवत या. सगळ्यात वर जिथे तो ओला होतो, तिथेच पाण्याचं मूळ. खालचे ओले नट निव्वळ वाटेत लागलेले असतात.

पुरवठ्याची बाजू

हा भाग तसा सोपा आहे. भिंतीतून अँगल कॉक निघतो, त्याला कनेक्शन पाइप, वर नळ. सगळं अर्ध्या इंचाचं, म्हणजे 15 मिलिमीटरचं. कनेक्शन पाइपच्या दोन्ही टोकांच्या नटमध्ये रबरी वायसर असतो आणि पाणी तो वायसर अडवतो. आटे फक्त त्याला दाबून धरतात. तरीही तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळायची प्लंबर मंडळींना भारी हौस. टेपचा जाड थर बसला की नट पूर्ण खाली जात नाही, वायसर नीट दाबला जात नाही, आणि आवळण्याच्या भरात तो चिरतो. टेप हवा तो अँगल कॉकच्या भिंतीत जाणाऱ्या आट्यांवर. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळायचा. उलटा गुंडाळला तर कॉक फिरवताना तो सुटून गोळा होतो. कनेक्शन पाइपचा नट हाताने बसेल तितका बसवून पान्याने पाव किंवा फार तर अर्धा फेरा, बस.

अँगल कॉकच्या मागे भिंतीला टेकलेली चकतीसारखी फ्लँज असते ना, ती पुढे ओढून आत बोट घाला. आत ओल लागली तर गळती भिंतीतल्या जोडाची आहे. जुन्या घरांत टाइल्सवर टाइल्स चढवल्या की भिंतीतला एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, खोल जातो, मग लांबी वाढवायला एक्स्टेन्शन निपल लावतात, आणि एकाचे दोन जोड होतात. कॉक काढून आटे साफ करून नव्या टेपने बसवता येतो. पण सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपांची, लाइन असेल तर जोर बेतानेच लावा. प्लास्टिकच्या एल्बोत पितळेचे आटे बसवलेले असतात. पाइप पाना लावून अंगावर गेलात तर ते आतल्या आत फिरतात आणि मग टाइल फोडण्याशिवाय इलाज नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. बेसिनखालच्या कपाटात संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली असते का? बहुतेक घरांत असते. झाकण घट्ट असलं तरी वाफ सुटतेच, आणि बंद कपाटात ती कनेक्शन पाइपवरची स्टीलची जाळी खाते. टॉर्च मारून नटच्या जवळ बघा: जाळीवर तांबूस ठिपके, एखादी तार तुटून बाहेर आलेली. आतली रबरी नळी फुगू नये म्हणून ती जाळी असते. ती गेली की पाइप एखाद्या रात्री फुटतो, आणि तेव्हा प्रश्न थेंबांचा राहत नाही, टाकी रिकामी होते. असा पाइप दिसला तर आजच बदला आणि अ‍ॅसिडची रवानगी गच्चीवर करा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.

निचरा: खरी मेख इथे

परत परत येणाऱ्या गळतीचं मूळ मला तरी बहुतेक वेळा वेस्ट कपलिंगमध्ये दिसतं. बेसिनच्या भोकातून खाली उतरणारा, 32 मिलिमीटरचा, वर जाळी किंवा दाबून उघडणारं पॉप-अप असलेला तो तुकडा. वर त्याची कड बेसिनच्या चिनी मातीवर बसते, खालून रबरी वायसर आणि मोठा नट.

पाण्याचे मार्ग दोन. पहिला, वरच्या कडेखालून. कड आणि बेसिन यांच्यामध्ये सिलिकॉन किंवा पुट्टी हवी. आपल्याकडे व्हाइट सिमेंट थापायची पद्धत आहे, आणि महिनाभर ते छान टिकतंही. पण सिमेंट लवचीक नसतं, बेसिन जरा हललं की त्याला केसाएवढी चीर जाते. मग पाणी कडेखाली शिरून कपलिंगच्या आट्यांवरून उतरतं आणि नटच्या खाली थेंब धरतं. बघणाऱ्याला वाटतं नट गळतोय. तो आवळला जातो, थोडे दिवस ओल थांबते, पुन्हा सुरू. जास्त आवळला तर एक दिवस बेसिनलाच तडा जातो.

दुसरा मार्ग जास्त फसवा. काही कपलिंगच्या अंगाला, कडेच्या थोडं खाली, आडव्या खाचा असतात. बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर तिथून आलेलं पाणी चिनी मातीच्या पोटातल्या पोकळीतून येऊन या खाचांमधून निचऱ्यात पडतं. म्हणजे ओव्हरफ्लोच्या बेसिनला खाचांचंच कपलिंग हवं. टेबल-टॉप बेसिनना मात्र बऱ्याचदा ओव्हरफ्लो नसतो, त्यांना बिनखाचांचं हवं. तिथे खाचवालं बसलं तर निचऱ्याचं पाणी जाता जाता खाचांतून बाहेर येतं, आट्यांभोवती साचतं आणि नटखाली टपकतं. उलट, ओव्हरफ्लोच्या बेसिनला बिनखाचांचं लावलं तर भोकातून शिरलेल्या पाण्याला निचऱ्यात वाटच मिळत नाही. ते पोकळीत कुजत राहतं, वास मारतं, नाहीतर वायसरच्या कडेने बाहेर येतं. दुकानदार ‘सब में लग जाता है’ म्हणेल. लागतं खरं, पण कोरडं राहत नाही. बेसिन घेतानाच भोक आहे की नाही ते बघून त्याप्रमाणे कपलिंग मागा, आणि बसवायच्या आधी पिशवीतून काढून खाचा आहेत का ते स्वतः बघा.

दुरुस्ती करायची तर कपलिंग पूर्ण काढायचं. जुनं सिमेंट खरवडून भोकाची कड वर-खाली दोन्हीकडून साफ आणि कोरडी करायची. वरच्या कडेखाली सिलिकॉनची अखंड रेघ, खालून नवा वायसर, आणि वायसर बसतो तिथल्या आट्यांवर थोडं सिलिकॉन किंवा टेप, म्हणजे वरून काही उतरलंच तरी तिथे अडेल. नट हाताने आवळून पान्याने थोडाच. कपलिंग फिरू नये म्हणून वरून कोणीतरी धरायला हवं. सिलिकॉन वाळायला एक दिवस द्या. हा एक दिवस कोणालाच द्यायचा नसतो, प्लंबरला तर मुळीच नाही. तासाभरात पाणी सोडून दाखवायचं, पैसे घ्यायचे, मोकळं व्हायचं.

त्याच्या खाली बॉटल ट्रॅप. त्यात दोष निघतो तो बहुतेक ओढाताणीचा. जुन्या बेसिनच्या मापाने भिंतीतली निचऱ्याची नळी ठेवलेली असते, नव्या बेसिनचं भोक इंच-दीड इंच इकडे-तिकडे येतं, मग ट्रॅप तिरका ओढून जोडला जातो. वायसर एका बाजूला दाबलेला, दुसऱ्या बाजूला उघडा. लांब आडवी नळी मिळते, ती कापून सरळ बसवली की झालं. ट्रॅपचं खालचं भांडं साफ करायला उघडलं असेल तर त्यातली रबरी रिंग खोबणीत नीट बसली आहे ना, एवढं बघा.

बेसिन हलतंय का?

हे खरं तर सगळ्यात आधी बघायला हवं, पण सुचतं सगळ्यात शेवटी. बेसिनच्या पुढच्या काठाला दोन्ही हात ठेवून हलकेच वर-खाली करा. मागे टाइलशी असलेल्या रेघेकडे कोणाला तरी बघायला सांगा. पातळ कागद आत-बाहेर होईल एवढी जरी फट उघडली-मिटली, तरी तुमच्या सगळ्या गळत्यांची आई सापडली. हलणाऱ्या दातासारखं ते बेसिन रोज प्रत्येक जोडाला थोडं थोडं ढिलं करत असतं. सकाळी तोंड धुताना माणूस त्यावर भार टाकतो, मुलं काठाला लोंबकळतात, आणि खालचा ट्रॅप मात्र भिंतीत घट्ट रुतलेला. वरचं हलतं, खालचं हलत नाही. ताण येतो तो कपलिंगच्या नटवर.

भिंतीवर टांगलेलं बेसिन दोन रॅग बोल्टवर उभं असतं. चार इंची भिंतीत, टाइलमागे मसाला पोकळ असेल तर बोल्ट कितीही आवळा, ते धरत नाहीत. टाइलवर बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज लगेच कळतो. बोल्ट काढून भोक साफ करून नीट भरून घ्यावं लागतं, किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरून बोल्ट चिकटवणारा मसाला, वापरावा. भिंतीचा भरवसाच नसेल तर खालून ब्रॅकेट किंवा पेडेस्टल द्या, दिसायला जरा जुनाट दिसलं तरी. बोल्ट आणि बेसिन यांच्यामध्ये प्लास्टिकचा वायसर हवाच. लोखंड थेट चिनी मातीवर आवळलं तर तडा ठरलेला. मागची फट सिलिकॉनने भरा. बेसिन पक्कं झाल्याशिवाय खालच्या कुठल्याही जोडाला हात लावण्यात अर्थ नाही.

नळ: टपटप आणि बारीक धार

आपल्याकडे एकाच टाकीत दोन पाणी येतात. एक नर्मदेचं, जलूदहून सत्तर किलोमीटरवरून चढवलेलं, बऱ्याच वसाहतींत एक दिवसाआड. दुसरं बोअरचं, माळव्याच्या काळ्या पाषाणातून आलेलं, जड. लाइन सुटते तेव्हा आधी हवेचा फुत्कार येतो, मग थोडं गढूळ पाणी, पावसाळ्यात जास्तच. म्हणजे रेतीही आली आणि क्षारही आले.

आताच्या पाव फेऱ्याच्या नळांत रबरी वायसर नसतो. सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. त्यांच्यामध्ये रेतीचा कण अडकला की ओरखडा पडतो आणि नळ टपकायला लागतो, नवाकोरा असला तरी. म्हणून नळ बसवण्याआधी अँगल कॉकखाली बादली धरून पाणी जोरात सोडा. टाकीच्या तळाचा गाळ, टेपचे तुकडे, सीपीव्हीसी कापतानाचा भुसा, काय काय निघतं ते बघण्यासारखं असतं. हे न करता जोडलेला नळ आठवड्यात टपकला तर कंपनीच्या नावाने बोटं मोडू नका. टपकणाऱ्या नळाचं कार्ट्रिज बदलता येतं, पण सगळी सारखी नसतात. जुनं काढून खिशात टाका आणि सियागंजच्या बाजारात दुकानदाराच्या पुढ्यात ठेवा, तोंडी वर्णन करत बसू नका.

धार हळूहळू बारीक होत गेली असेल तर नळाच्या तोंडाची एरेटरची जाळी काढा. पांढरा थर आणि बारीक रेती दिसेल. लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात किंवा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. संडासचं अ‍ॅसिड मात्र नळाला लावू नका. थर निघतो, त्याच्याबरोबर मुलामाही निघतो.

पहिल्या दिवसापासूनच धार बारीक असेल तर गोष्ट वेगळी. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो: दहा मीटरला साधारण एक बार. एकमजली घरात टाकीतलं पाणी नळापेक्षा तीन मीटर वर असेल तर हाती लागतो 0.3 बार. मॉलमध्ये झुळझुळ वाहणारा तो देखणा सिंगल लिव्हर मिक्सर यापेक्षा जास्त दाब मागतो, आणि ते खोक्यावर लिहिलेलं असतं. अशा घरात साधा पाव फेऱ्याचा पिलर कॉक, म्हणजे एकाच पाण्याचा उभा नळ, मुकाट्याने काम करतो. मला विचाराल तर गरम पाण्याची लाइनच नसलेल्या बेसिनवर मिक्सर हा निव्वळ दिखाऊ खर्च आहे.

सगळंच बदलायचं ठरलं तर

दुकानात जाण्याआधी मापं काढा: नळाच्या भोकाचा व्यास, भिंतीतल्या निचऱ्याची उंची, अँगल कॉकपासून नळापर्यंतचं अंतर. कनेक्शन पाइप ताणून बसवावा लागला तर तो लहान आहे, मोठा घ्या. नळाची मान बेसिनच्या मापाची हवी. धार जाळीच्या आसपास पडावी, मागच्या उतारावर पडली तर पाणी ओट्यावर उडत राहतं. बेसिनचा काठ जमिनीपासून 80 ते 85 सेंटिमीटर. आजी-आजोबांच्या सोयीने थोडं कमी-जास्त करा. जुना अँगल कॉक नव्या नळाबरोबर ठेवू नका, तो पूर्ण बंद होतोय का हेच बहुधा कोणी तपासलेलं नसतं. आणि काम सुरू करायच्या आधी गच्चीवरचा टाकीचा वॉल (व्हॉल्व्ह) फिरतो का ते बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला वॉल ऐन वेळी अर्धवट अडकतो आणि खाली माणूस उघड्या पाइपला अंगठा लावून बसतो.

वासाचं थोडक्यात. रिंगांचा पांढरा वेस्ट पाइप थेट नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्यात, सोडलेला असेल तर वास वर येणारच; बॉटल ट्रॅप लावा आणि नळीभोवतीची फट बंद करा. मे महिन्यात सगळे गावाला जाऊन आलात आणि घरभर वास असेल तर ट्रॅपमधलं पाणी उडालेलं असतं. मगभर पाणी ओता, थोडा वेळ थांबा.

प्लंबरला बोलवाल तेव्हा ‘लीक आहे’ एवढंच सांगू नका. ‘रात्रभर कागद कोरडा होता, नळ सोडून गळत नाही, बेसिन भरून सोडलं की कपलिंगच्या नटखाली थेंब येतो’, असं सांगा. तो थेट तिथेच हात घालील. काढलेले तुकडे त्याला नेऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी सिलिकॉन वाळल्यावर बेसिन ओव्हरफ्लोपर्यंत भरून एकदम सोडा, टिश्यू वरून खाली फिरवा, आणि राहिलेले पैसे मग द्या.